बर्ड यांचे ‘आवे वेरुम कॉर्पुस’ बसवताना: लय, पट्टी आणि भाव कसे ठरवावेत

वसई परिसरातील चर्चमध्ये ‘आवे वेरुम’ हे शब्द उच्चारले की बहुतेक गायकांच्या मनात मोझार्ट यांची रचना उभी राहते. ती १७९१ सालची आहे, डी मेजरमध्ये आहे, आणि तिच्या हस्तलिखितात मोझार्ट यांनी लय संथ ठेवावी व आवाज दबका ठेवावा अशा दोन्ही सूचना स्वतः लिहून ठेवल्या आहेत. प्रस्तुत लेख तिच्याविषयी नाही. तीच लॅटिन प्रार्थना इंग्रज संगीतकार विल्यम बर्ड यांनी चार आवाजांसाठी (वरून खाली सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बेस) रचली व १६०५ मध्ये ‘ग्रादुआलिया’ या संग्रहात छापली. ती रचना हाती घेणाऱ्या गायकवृंदाने आपली लय, पट्टी आणि भाव कोणत्या क्रमाने व कोणत्या आधाराने ठरवावेत, एवढाच येथे विचार केला आहे. बर्ड यांनी या तिन्हींपैकी एकाही गोष्टीची सूचना लिहिलेली नाही. म्हणूनच मोझार्ट गाताना लागलेली सवय गायकवृंद नकळत बर्ड यांच्या रचनेवर लादतो, आणि माझ्या अनुभवात ही रचना बिघडते ती बहुधा याच कारणाने.

पहिले काम पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करावयाचे आहे. आपल्या हाती येणारी स्वरलिपी ही संपादकाने तयार केलेली असते. १६०५ चा छापील पाठ प्रत्येक आवाजाच्या स्वतंत्र पुस्तिकेत होता. त्यात मात्रांचे खंड पाडणाऱ्या उभ्या रेघा नव्हत्या, जोरात वा हळू गाण्याच्या खुणा नव्हत्या, आणि लयीचा निर्देश करणारा शब्दही नव्हता. त्यामुळे आपल्या प्रतीवर ‘संथ’, ‘हळू’, ‘वाढवत’ अशा अर्थाचे जे जे इटालियन शब्द दिसतील ते संपादकाचे मत म्हणून कंसात टाकावेत. त्याच वेळी संपादकाने स्वरांची कालमूल्ये निम्मी केली आहेत का, आणि मूळ पट्टी बदलली आहे का, हे प्रस्तावनेत किंवा पहिल्या ओळीच्या आधी दिलेल्या छोट्या खुणांत पाहून घ्यावे. मूळ रचनेचा आधारस्वर जी आहे, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी पाच. प्रत एखाद्या दुसऱ्या स्वरावर असेल तर ती संपादकाने गायकांच्या सोयीसाठी हलवलेली आहे, असे समजावे.

यानंतर स्वर बाजूला ठेवून शब्द हाती घ्यावेत. बर्ड यांनी याच संग्रहाच्या अर्पणपत्रिकेत लिहिले आहे की पवित्र वचनांच्या अर्थात एक गुप्त सामर्थ्य असते, आणि त्यांचे मनापासून चिंतन करणाऱ्याला योग्य स्वर जणू आपोआप सुचतात. रचनाकारच असे सांगत असेल तर गाणाऱ्यानेही त्याच वाटेने जाणे योग्य. आमच्या सरावाची पहिली संध्याकाळ त्यामुळे पूर्णपणे वाचनाची असते. लॅटिन ओळी देवनागरीत लिहून प्रत्येकाला द्याव्यात आणि प्रत्येक शब्दाखाली त्याचा मराठी अर्थ लिहावा: ‘आवे’ म्हणजे नमन असो, ‘वेरुम कॉर्पुस’ म्हणजे खरे शरीर, ‘नातुम दे मारिया विर्जिने’ म्हणजे कुमारी मरियेपासून जन्मलेले, ‘वेरे पास्सुम’ म्हणजे खरोखर यातना सोसलेले. लॅटिन लिहिण्यास देवनागरी रोमन लिपीपेक्षा सोयीची आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण आपला दंत्य ‘त’ आणि जिभेवर थरथरणारा ‘र’ चर्चमधील लॅटिन उच्चाराच्या अगदी जवळचे आहेत. ‘दुल्चिस’मधला ‘च’ ‘चिंच’ या शब्दातल्या ‘च’सारखा आहे आणि ‘मिझेरेरे’त ‘झ’ येतो, एवढे सांगितले की पुरते.

मराठी गायकाला जे मुद्दाम शिकवावे लागते ते निराळेच आहे. आपल्या भाषेत शब्दातील एखाद्या अक्षरावर ठळक आघात देण्याची रीत नसल्याने आपण लॅटिन शब्दांची सर्व अक्षरे सारख्याच वजनाने म्हणतो. येथे प्रत्येक शब्दातील वजनदार अक्षराखाली रेघ ओढावी: ‘आवे’त आ, ‘वेरुम’मध्ये वे, ‘कॉर्पुस’मध्ये कॉ, ‘मारिया’त रि, ‘विर्जिने’त वि. मग सर्वांनी मिळून, न गाता, ही प्रार्थना मोठ्याने वाचावी. घाईने नव्हे आणि ओढूनही नव्हे, तर मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीत, वाचन करणारा समजूतदार वाचक ज्या गतीने वाचतो त्या गतीने. असे पाच-सहा वेळा झाल्यावर वाचनाची एक सामायिक चाल आपोआप बसते. लयीचा पहिला आणि सर्वांत विश्वासार्ह पुरावा ती चालच होय.

दुसरा पुरावा शरीरात आहे. त्या काळातील संगीतकार लय मोजताना हाताची खाली-वर अशी संथ, समान हालचाल करीत. इटालियन संगीतशास्त्रज्ञ फ्रांकिनो गाफुरियो यांनी १४९६ मध्ये छापलेल्या ग्रंथात या मापाची तुलना शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीशी केली आहे. मेल्त्सेल यांच्या मेट्रोनोमला, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राला, पेटंट मिळाले ते १८१५ मध्ये, म्हणजे या रचनेनंतर दोन शतकांनी. तोवर मोजमापाचे साधन माणूसच होता. आपणही तेच करावे. सरावाआधी सर्वांना पाच मिनिटे शांत बसवावे आणि प्रत्येकाने स्वतःच्या मनगटावर नाडी पाहावी. विरार लोकलमधून उतरून धावत आलेल्या माणसाची नाडी लगेच मोजू नये. बसलेल्या माणसाची नाडी साधारण मिनिटाला साठ ते ऐंशी या पट्ट्यात असते आणि बर्ड यांच्या या रचनेला त्या पट्ट्याची खालची बाजू मानवते. ज्या स्वरमूल्यावर शब्दांची बहुतेक अक्षरे बसतात, त्याला मी मिनिटाला ६० ते ६६ ठोके देतो; त्या हिशेबाने पुनरावृत्तीसह संपूर्ण रचना सुमारे चार मिनिटांत होते. ती पाच मिनिटांच्या पुढे जाऊ लागली तर कोठेतरी शब्द मोडत आहेत, असे समजावे.

आम्ही ही रचना पहिल्यांदा गायलो तेव्हा माझ्याकडून हीच चूक झाली होती. भक्तिभाव म्हणजे संथपणा अशा समजुतीने मी लय ५० च्याही खाली नेली. परिणामी प्रत्येक चरणाच्या मध्यावर गायकांचे श्वास तुटले, दमलेले आवाज हळूहळू उतरत गेले, आणि ‘आमेन’पर्यंत पोचताना आम्ही जवळजवळ एक पूर्ण स्वर खाली आलो होतो. तेव्हापासून एक कसोटी मी कधीही चुकवत नाही. ‘इम्मोलातुम इन क्रुचे प्रो होमिने’ हे शब्द मध्यम दमाच्या गायकाला एका श्वासात, शेवटचे अक्षर न गिळता, गाता आले पाहिजेत. ते जमत नसेल तर गायकाला दोष न देता लय किंचित वाढवावी.

लयीसंबंधी आणखी एक गोष्ट, जी भजन-कीर्तनात वाढलेल्या आपल्या कानांसाठी फार महत्त्वाची आहे. या संगीताला सम नाही. आधुनिक प्रतीतील उभ्या रेघा पाहून गायक प्रत्येक खंडाची पहिली मात्रा समेसारखी ठोकतात आणि त्यामुळे चारही आवाज एकाच वेळी चुकीच्या अक्षरांवर जोर देतात. प्रत्यक्षात प्रत्येक आवाजाची सम म्हणजे त्या आवाजातील शब्दाचे वजनदार अक्षर. ते सोप्रानोत एका ठिकाणी येईल आणि टेनरमध्ये दोन मात्रांनी नंतर येईल. ‘मिझेरेरे मेई’ या भागात हे आवाज एकमेकांच्या पाठोपाठ शिरतात, तेव्हा हा फरक स्पष्ट ऐकू आला पाहिजे. दिग्दर्शकानेही तेथे हात फक्त खाली आणि वर न्यावा. टाळी-खालीचा आविर्भाव पूर्णपणे टाळावा.

लय कागदावर ठरली तरी ती चर्चच्या वास्तूत पुन्हा तपासावी लागते. रिकाम्या चर्चमध्ये वेदीजवळ उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी आणि नाद विरेपर्यंत सेकंद मोजावेत. जाड दगडी भिंती व उंच छत असलेल्या जुन्या चर्चमध्ये नाद तीन सेकंद वा अधिक टिकतो. तेथे लय ६० च्या आसपास ठेवून व्यंजने अधिक स्पष्ट म्हणावीत, म्हणजे एका संवादीचे (एकत्र लागणाऱ्या स्वरसमूहाचे, म्हणजे कॉर्डचे) स्वर दुसरीत मिसळून गढूळ होणार नाहीत. नव्या, स्लॅबच्या चर्चमध्ये माणसे बसल्यावर नाद एक सेकंदही टिकत नाही, आणि तेथे संथ लय कोरडी व तुटक वाटते; म्हणून ६४ ते ६६ बरे. बर्ड यांनी ही रचना ज्या सणासाठी छापली तो ख्रिस्तशरीराचा सण मेअखेर ते जूनमध्ये येतो, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर नेमका पावसाच्या तोंडावर. पत्र्यावर वा कौलांवर सर कोसळू लागली की सर्वांत आधी बेसचे आवाज बुडतात. अशा वेळी लय वाढवू नये किंवा सर्वांना ओरडायलाही लावू नये. बेसच्या गायकांना दोन पावले पुढे उभे करावे आणि शक्य असेल तेवढे पंखे बंद ठेवावेत.

आता पट्टी. येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र करू नयेत: रचनेची स्वरव्यवस्था कोणती, आणि ती किती उंचीवर गावी.

स्वरव्यवस्था सोप्या भाषेत सांगायची तर जी हा षड्ज मानावा. मग गांधार कोमल येतो आणि एकूण ठेवण आपल्या काफी थाटाच्या जवळ जाते. युरोपात या ठेवणीला डोरियन म्हणत. धैवत मात्र शुद्ध आणि कोमल दोन्ही येतो, निषादही दोन्ही येतो, आणि अखेरच्या ‘आमेन’ला गांधार शुद्ध होऊन रचना उजळत संपते. थाटाची तुलना कान तयार करण्यापुरतीच घ्यावी. येथे रागाचे चलन नाही आणि स्वरांवर मींड वा आंदोलन घेतले तर चार आवाजांचा मेळ तत्काळ बिघडतो.

या दोन निषादांतच रचनेचे मर्म आहे. आरंभीच, ‘वेरुम’ या शब्दापाशी, सोप्रानोत शुद्ध निषाद, म्हणजे एफ शार्प, लागतो आणि त्याच्या लगेच पाठोपाठ बेसमध्ये कोमल निषाद, म्हणजे साधा एफ, येतो. वरच्या आवाजाने जे म्हटले ते खालचा आवाज जणू खोडून काढतो, आणि ऐकणाऱ्याला एक बोच जाणवते. आमच्या बेसच्या गायकांना प्रारंभी ही छपाईची चूक वाटली होती व त्यांनी सद्हेतूने आपला स्वर वर सरकवला होता. असे होऊ नये म्हणून सोप्रानो आणि बेस या दोनच आवाजांना समोरासमोर उभे करून ही पहिली ओळ दहा वेळा गाऊन घ्यावी. बेसने सोप्रानोचा स्वर नीट ऐकावा आणि तो ऐकूनही आपला कोमल निषाद न डगमगता लावावा. अल्टो व टेनर त्यानंतरच मिळवावेत.

उंचीच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, कारण १६०५ मध्ये सर्वत्र मान्य असा स्थिर सूर अस्तित्वातच नव्हता. ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा मानावा हे १९३९ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. म्हणून प्रतीत जी लिहिला आहे यासाठी पांढरी पाचचा हट्ट धरू नये. प्रत्येक आवाजाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर प्रतीतून शोधून एका कागदावर उतरवावा, आणि आपल्या गायकांना ते आठ स्वर हळू आवाजात, चेहरा न ताणता लावता येतात का ते पाहावे. निर्णय अल्टोच्या खालच्या व टेनरच्या वरच्या स्वरांवरून घ्यावा, कारण सोप्रानो आपल्या अडचणी बोलून दाखवतात, पण अल्टो मुकाट्याने पुटपुटू लागतात. आमच्या गायकवृंदाचा अनुभव असा की संध्याकाळच्या मिस्सेत पांढरी पाच सहज जमते, तर सकाळी सातच्या मिस्सेत आवाज उघडलेले नसल्याने काळी तीन अधिक सुखाची ठरते. उलट, दमट हवेत सराव लांबला आणि सूर सतत उतरू लागला, तर खाली जाण्याऐवजी काळी चार घेऊन पाहावी. आवाजाला नवी जागा मिळाली की उतरण्याची सवय पुष्कळदा तेथेच थांबते.

पट्टी ठरल्यावर फक्त षड्ज द्यावा आणि पेटी वा कीबोर्ड बंद करावा. त्यावरचे बारा स्वर समान अंतराने लावलेले असल्याने त्यातील शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका, चढा असतो. अखेरच्या ‘आमेन’मधील गांधार या चढ्या मापाने लावला तर शेवट उजळण्याऐवजी कर्कश होतो. तानपुरा नीट जुळला असता खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तोच येथे हवा आहे. ज्या आवाजाकडे हा स्वर आहे त्याला सरावाच्या आधी दोन मिनिटे तानपुऱ्यासमोर बसवावे. सूचनांपेक्षा तेवढेच पुरेसे होते.

भावाचा विचार मी शेवटी मांडत असलो तरी तो वाचनाच्या पहिल्या संध्याकाळीच सुरू झालेला असतो. ही प्रार्थना हळवी आहे, असे समजून गायकवृंद ती कुजबुजत, स्वर लाडावत गातो. बर्ड कोठे आणि कोणासाठी लिहीत होते हे समजले की तसे गाणे शक्य राहत नाही. ते कॅथलिक होते, आणि त्यांच्या देशात, इंग्लंडमध्ये, कॅथलिक मिस्सा कायद्याने बंद होती. ती श्रीमंत कॅथलिकांच्या घरांत, दारे लावून, मोजक्या माणसांत होत असे. प्रस्थापित प्रोटेस्टंट चर्चच्या उपासनेला गैरहजर राहिल्याबद्दल बर्ड यांच्यावर खटले झाले होते. ख्रिस्तशरीराचा सण त्या चर्चने आपल्या दिनदर्शिकेतून काढून टाकला होता, आणि त्या सणाची गीते बर्ड उघडपणे छापत होते. भाकरीत ख्रिस्त ‘खरोखर’ उपस्थित असतो की केवळ खुणेने, हाच त्या शतकाचा मोठा वाद होता. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील परिषदेने १५५१ मध्ये जो शब्द ठासून वापरला तो ‘वेरे’, म्हणजे खरोखर. त्यामुळे ‘वेरुम’ या शब्दावर दोन निषादांची ठिणगी पडते ती सजावट म्हणून नव्हे. तो शब्द म्हणणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक होती.

याच इंग्लंडमधून निघालेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोचले आणि त्यांनी मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, जे १६१६ मध्ये छापले गेले. एकाच पिढीतील दोन इंग्रज कॅथलिक, एक मायदेशी दारे लावून लॅटिनमध्ये, दुसरा आपल्या किनाऱ्यावर मराठीत, तीच श्रद्धा शब्दांत व स्वरांत बसवत होते. गायकांना मी हे आवर्जून सांगतो, कारण त्यानंतर ही रचना त्यांना परकी वाटत नाही.

प्रत्यक्ष गाताना याचा अर्थ असा की आरंभ ठाम, मध्यम आवाजात आणि सरळ स्वरांनी करावा. ‘कुयुस लातुस पेर्फोरातुम’ या ओळीत भाल्याने भेदलेल्या कुशीचे वर्णन आहे. तेथे आवाज वाढवण्यापेक्षा व्यंजने घट्ट म्हणावीत. ‘ओ दुल्चिस, ओ पिए’ येथे वरचा आवाज हाक देतो आणि खालचे आवाज ओ देतात; ही साद आधी पूर्ण होऊ द्यावी, मग प्रतिसाद यावा, आणि दोहोंमध्ये लय क्षणभरही थांबू नये. त्याआधीच्या ओळीत ‘नोबिस’, म्हणजे आम्हांसाठी, असा शब्द आहे, तर आता ‘मिझेरेरे मेई’ म्हणजे माझ्यावर दया कर. अनेकांची प्रार्थना एकट्याची होते. हा बदल गायकाला कळला असेल तर हळू गाण्याची खूण लिहावी लागत नाही. आवाज आपोआप आत वळतो. हा भाग बर्ड यांनी पूर्ण पुन्हा गायला लावला आहे. दुसऱ्या वेळी तो अधिक हळू गावा की अधिक भरून, हे दिग्दर्शकाने ठरवावे. मी दुसरी वेळ किंचित शांत ठेवतो, पण लय तीच.

‘आमेन’लाच थोडी सैल लय शोभते, आणि तीही अखेरच्या तीन-चार मात्रांपुरती. शेवटची संवादी एका सुखाच्या श्वासाइतकी धरावी, चारही आवाजांनी ‘न’ एकाच वेळी मिटावा, आणि हात लगेच खाली आणू नये. चर्चमधील नाद पूर्ण विरेपर्यंत कोणी पान उलटू नये व बाकही सरकवू नये, हे गायकांना आधीच सांगून ठेवावे. मिस्सा संपल्यावर आपल्या प्रतीच्या कोपऱ्यात त्या दिवशीची लय, पट्टी, वेळ आणि हवा पेन्सिलीने लिहावी. माझ्या प्रतीवर अशा नोंदींची आता एक रांग झाली आहे आणि तिच्यातली सर्वांत वरची अशी आहे: काळी तीन, ६२, सकाळ, बाहेर पाऊस.